पायाखालची मोहळं

आमच्या गावात नळाला पाणी सुटलं की बायका एकमेकींना हाक मारून सांगतात, "व्यंकट आला गं." व्यंकट दिसत नाही, तो कुठंतरी दोन गल्ल्या पलीकडं वाकून वॉल्व फिरवत असतो. तरी पाणी आलं म्हणजे तो आला.

लोहाऱ्याहून जीपनं वीस मिनिटांवर आमचं गाव. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सतरा वर्षं मास्तर आहे, आणि व्यंकट बावीस वर्षं ग्रामपंचायतीचा पाणीवाला. गावाला सहा वॉल्व आहेत. पहाटे पाचला पहिला उघडायचा, नऊला शेवटचा बंद करायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. कंबरेएवढ्या लोखंडी चावीनं तो ते फिरवतो. त्याच्या उजव्या तळव्याला त्या चावीचा घट्टा पडलाय, खोबऱ्याच्या वाटीसारखा टणक.

त्याचा आजा गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभा राहायचा. कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं, नाहीतर रिकामी घागर परत. हे व्यंकटनं मला एकदाच सांगितलं, तेही दुसरंच काही बोलताना. "आता सगळं गाव माझी वाट बघतं, मास्तर," तो म्हणाला. "बरं वाटतं. पन म्या गाव सोडून कुठं जाऊ शकत न्हाय, हे कुनाला दिसत न्हाय."

ते खरं होतं. बावीस वर्षांत तो एक रात्र बाहेर राहिला नव्हता. सोलापूरला बहीण वारली, तेव्हा माती देऊन शेवटच्या एसटीनं परत आला, कारण पहाटे पाणी सोडायचं होतं. मुलगी संघप्रिया पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. तिची खोली त्यानं फोनमध्येच पाहिलेली. बदली माणूस द्या म्हणून त्यानं ग्रामपंचायतीत तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा "बघू" असं उत्तर आलं.

पाण्याची टाकी शाळेच्या मागं आहे. आठ खांबांवर उभी, बासष्ट पायऱ्यांची, गोल. तिच्या पोटाखाली दरवर्षी आग्या मोहळं लागतात. दिवाळी झाली, करडई फुलायला लागली की माशा येतात आणि पावसाच्या आधी निघून जातात. मागं राहिलेल्या मेणाचे काळे डाग सिमेंटवर दिसतात, आणि पुढच्या वर्षी बरोबर त्याच डागांवर नवी मोहळं बसतात. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सात होती.

व्यंकटनं मला ती नीट दाखवली होती. टाकीपासून लांब उभं राहून तो हळू बोलायचा. "तुमाला जे काळं दिसतंय ना, ते पोळं न्हाय. त्या माशाच हायत. अंगाला अंग लावून पडदा केलाय. पोळं आत. एकच पान, उभं लोंबकळलेलं, बैलगाडीचं अर्धं चाक असतंय तेवढं. ना दोरी, ना खिळा. पोटातनं मेण काढतात अन् चावून चावून लावतात. वरच्या जाड भागात मध, खाली पिल्लं." मग एक गांधीलमाशी जवळ आली, आणि त्या काळ्या पडद्यावरून एक चकचकीत लाट वरून खाली गेली. हजारो माशांनी एकामागून एक शेपटं उचलली होती. व्यंकट म्हणाला, "बघा. कुनी सांगत न्हाय, तरी समद्यांना कळतं."

त्या वर्षी एप्रिलात टाकी धुवायची होती. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, मी वर्गात होतो. व्यंकट साडेआठला वर चढला. टाकी आदल्या दिवशी गल्ल्यांचे सहाही वॉल्व उघडे सोडून रिकामी केलेली होती. गाळ काढायचा वॉल्व सहा वर्षांपासून जाम होता, त्यामुळं गाळ बादलीनं वर ओढून बाहेर टाकावा लागायचा, आणि घाण नळांत जाऊ नये म्हणून गावाकडं जाणारा वॉल्व बंद ठेवावा लागायचा. शर्ट आणि शर्टाच्या खिशातला फोन त्यानं खाली खांबाजवळ ठेवला. मोटारीच्या खोलीची किल्ली मात्र पँटच्या खिशातच राहिली.

दोन तास तो आत घासत होता. साडेदहाच्या सुमारास बादली घेऊन आतल्या शिडीनं वर आला, झाकणातून छातीपर्यंत बाहेर निघाला, आणि त्याला खालून चिंध्या फाटल्यासारखा आवाज आला. घारीएवढा एक पक्षी टाकीखालून निघाला. त्याच्या पंजात पोळ्याचा तुकडा होता. तो उडून गेला आणि त्याच्या मागं सगळ्या माशा वर आल्या.

व्यंकट सांगतो, पहिल्यांदा अंधारच आला. मग डोक्यात, कानात, पाठीवर निखारे पडावेत तसं झालं. बासष्ट पायऱ्या उघड्या, अर्ध्यातच पडून मेला असता. त्यानं अंग आत सोडलं आणि लोखंडी झाकण डोक्यावर ओढून घेतलं.

शाळेत आम्ही खिडक्या लावल्या. एकशे चाळीस पोरं चार खोल्यांत कोंडून घेतली. बाहेर सायकलवरून चाललेला एक म्हातारा सायकल टाकून पळाला, देवळाजवळच्या गाई दावी तोडून गेल्या. टाकीसमोर शिवशरणचं चहाचं हॉटेल आहे. त्यानं शटर आतून ओढलं आणि व्यंकटच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं, जाईबाईनं, उचलला.

"वैनी, व्यंकट टाकीवर हाय. वर काय झालंय कळंना. घराबाहेर येऊ नका."

ती आलीच. टॉवेल डोक्याला गुंडाळून, घरांच्या आडोशानं, शिवशरणच्या मागच्या दारानं आत.

टाकी भरून वाहायला लागली की जादा पाणी जाण्यासाठी एक पाइप असतो. त्याचं तोंड टाकीत वर, शिडीच्या जवळ, आणि दुसरं टोक खाली. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून व्यंकटनंच त्याला प्लास्टिकचा पाइप जोडून तो हॉटेलामागच्या जनावरांच्या हौदात सोडला होता. बारा वाजत आले असतील. शिवशरणला मागून टण टण आवाज आला. हौदातल्या पाइपमधून येत होता. जाईबाई हौदाच्या कडेला बसली आणि पाइपला तोंड लावलं.

"अवो, ऐकू येतंय का?"

थोड्या वेळानं आतून आवाज आला, मडक्यातून बोलल्यासारखा. "येतंय."

"किती चावल्या?"

"मोजल्या न्हाईत. एक डोळा मिटलाय. दोनदा उलटी झाली."

"खाली येता येतंय का?"

"न्हाय. झाकण बोटभर उचललं की आत येतात. हवेच्या जाळीतनंबी येत हुत्या, तिथं बनियन कोंबलाय."

"मग आता?"

"दिवस मावळला की त्या पोळ्यावर बसतात. तवर बसतो."

"सात तास?"

"दुसरं काय करू, जाई."

शाळा साडेबाराला सुटते. त्या दिवशी एकच्या पुढं माशा जरा कमी झाल्यावर आम्ही पोरांना लांबच्या रस्त्यानं घरी पोचवलं आणि मी हॉटेलात आलो. तिथं रणधीर होता, ग्रामपंचायतीचा सदस्य, तिशीतला. त्यानं बांबूला चिंध्या बांधून डिझेलचा टेंभा तयार केला होता. मोहळं जाळायची आणि व्यंकटला उतरवायचं, असं त्याचं चाललं होतं. जाईबाईनं त्याला पाइपाकडं बोलावलं.

"रणधीर," व्यंकट आतून म्हणाला, "जाळू नको. एक जाळलंस की सहा उठतील. गावात कोन कुठं असंल सांगता येत न्हाय."

"तात्या, तुमी आत मरायला लागलाव अन् त्या माशांची काळजी करताव?"

"माशांची न्हाय, माझी करतोय. जाळ खाली लावलास की धूर वर येतो. वर म्या हाय."

 रणधीरनं टेंभा भिंतीला टेकवून ठेवला.

आत काय होतं ते व्यंकटनं मला नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. अंधार होता. ब्लीचिंगचा वास डोळ्यांत जात होता. छत तापून तव्यासारखं झालेलं. झाकणावर माशा आपटत होत्या, पत्र्यावर मूठमूठ ज्वारी फेकावी तसा आवाज. पण त्याला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते दुसरंच. तो तळाला अनवाणी उभा होता आणि त्याच्या तळव्यांना गुणगुण जाणवत होती. वीतभर सिमेंट, आणि त्याच्या खाली सात मोहळं. "त्यांचं घर माझ्या पायाखाली टांगलेलं," तो म्हणाला. "त्या बाहेर, म्या आत. त्यांना वाटत असंल ह्यानंच तोडलं. अन् सांगायचं कुनाला."

मधेच त्याला अर्ज आठवले म्हणे. तीन अर्ज. तो हसला होता, अंधारात, एकटाच. मग डोकं गरगरायला लागलं म्हणून शिडीला धरून बसला.

दोन वाजता थ्री फेज लाइट आली.

मोटार गावापासून चार किलोमीटरवर, तलावाच्या काठाला. लाइट आली की आपोआप चालू व्हावी म्हणून तिला ऑटो लावलेला आहे. टाकी धुवायच्या दिवशी व्यंकट तो बंद करून येतो. त्या दिवशी विसरला होता.

आम्ही पाइपाशी बसलो होतो. जाईबाई त्याला बोलतं ठेवत होती, संघप्रियाचा फोन आला होता वगैरे सांगत होती. आतून खळखळ आवाज सुरू झाला. व्यंकट म्हणाला, "मोटार…" आणि पुढचं ऐकू आलं नाही. नुसता पाणी पडल्याचा गडगडाट.

टाकीत पाणी येतं तो पाइप शिडीच्या अगदी वर आहे. एवढ्या जोराचं पाणी अंगावर घेऊन सुजलेल्या हातांनी शिडी धरणं त्याला जमेना. तो खाली पडला. पोहता येत नव्हतं. टाकी भरायला दोन तास लागतात.

रणधीर किल्लीसाठी व्यंकटच्या घरी पळायला निघाला. जाईबाई म्हणाली, "किल्ली घरी न्हाय, त्यांच्या खिशात हाय. पहार घे. कुलूप तोड." तो मोटारसायकलवर पहार आडवी धरून तलावाकडं गेला. वाट शेतातली, खड्ड्यांची. जायला यायलाच वेळ लागणार, आणि दार लोखंडी.

जाईबाई उठली. "गावाकडचा वॉल्व उघडला तर पानी चढायचं थांबंल," ती म्हणाली. वॉल्व टाकीच्या बरोबर खाली होता, सात मोहळांच्या खाली.

मी म्हणालो, "वैनी, मी जातो."

"तुमाला उलटा फिरतोय का सुलटा, ते माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं. तिला होतं. व्यंकट तापानं पडला की वॉल्व तीच फिरवायची, हे गावात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

व्यंकटच्या घरून त्याचा पावसाळ्यातला रेनकोट आणि वॉल्वची लोखंडी चावी आणली. शिवशरणनं मच्छरदाणी दुहेरी करून तिच्या डोक्यावरून टाकली आणि गळ्याशी दोरीनं बांधली. हातांना पोत्याचे तुकडे गुंडाळले. एप्रिलच्या उन्हात रेनकोट घातलेली ती बाई खांद्यावर लोखंडी चावी घेऊन टाकीखाली चालत गेली. पळाली नाही. पळालं की माशा मागं लागतात, हेही तिला माहीत होतं.

आम्ही शटरच्या फटीतून बघत होतो. माशा तिच्यावर बसायला लागल्या. रेनकोटचा निळा रंग पाठीवर दिसेनासा झाला. तिनं चावी वॉल्वच्या डोक्यात बसवली, एकदा निसटली, पुन्हा बसवली. मग दोन्ही हातांनी फिरवायला लागली. त्या वॉल्वला चौदा फेरे आहेत. मी मोजत होतो. नवव्या फेऱ्याला ती थांबली, वाकली, एक हात मानेवर नेला, आणि पुन्हा चावी धरली.

थोड्या वेळात गावभर नळ सुटले. गाळाचं, ब्लीचिंगच्या वासाचं पाणी. देवळाच्या भोंग्यावरून शिवशरणचा भाऊ ओरडत होता, "पानी आलंय, कुनी पिऊ नका. व्यंकट टाकीत हाय, पानी वाहू द्या, तोट्या बंद करू नका." लोकांनी तोट्या उघड्या सोडल्या. ज्या गावात नळाच्या पाळीवरून भांडणं होतात, तिथं पाऊण तास पाणी गटारीतून वाहत होतं आणि कुणी तोटी बंद केली नाही.

जाईबाई परत आली तेव्हा तिच्या मनगटाला आणि मानेला मिळून एकोणीस काटे होते. ती हौदाशी जाऊन बसली. पाइपमधून अजून गडगडाटच येत होता. ती हाका मारत नव्हती. नुसता कान लावून बसली होती.

पावणेतीनच्या पुढं गडगडाट थांबला. रणधीरनं मोटार बंद केली होती. मग काहीच ऐकू येईना. जाईबाईनं दगड घेऊन पाइपावर ठोकलं. थांबली. पुन्हा ठोकलं. शिवशरण मान खाली घालून उभा होता.

मग टण असा एक आवाज आला. जरा वेळानं आणखी एक.

पाणी त्याच्या छातीपर्यंत चढून थांबलं होतं. नंतर ते हळूहळू उतरत गेलं. शिडी चढून पाइपाच्या तोंडापर्यंत यायला त्याला अर्धा तास लागला.

"वॉल्व कुनी उघडला?" त्यानं विचारलं.

"म्या."

 मग तो म्हणाला, "चौदा फेरे पुरे केलेस ना? अर्धा ठेवला तर आतनं झिजतोय तो."

"पुरे केले," जाईबाई म्हणाली, आणि मग पहिल्यांदा तिनं पदर डोळ्यांना लावला.

दिवस मावळला. माशा एकेक करून परत पोळ्यांवर बसल्या, फाटलेल्या पोळ्यावरही. साडेसात वाजता रणधीर आणि शिवशरण दोर घेऊन वर चढले. बॅटरी लावायची नाही, उजेडावर माशा येतात, असं व्यंकटनं आधीच बजावलं होतं. त्यांनी झाकण उचललं, त्याच्या कंबरेला दोर बांधला आणि त्याला वर ओढलं. पायऱ्या मोहळांपासून दोन हातांवरून जातात. तिघं एकमेकांना धरून, श्वासही जपून घेत उतरले. शिवशरण सांगतो, त्यांच्या पावलागणिक त्या काळ्या पडद्यांवरून सरसर होत होती, पण एकही माशी उठली नाही.

लोहाऱ्याच्या दवाखान्यात व्यंकटच्या अंगातून त्रेपन्न काटे काढले. चार दिवस त्याला ठेवून घेतलं. त्या चार दिवसांत गावाला पाणी जाईबाईनं सोडलं. मान सुजलेली, हाताला पट्टी, पण पहाटे पाचला पहिला वॉल्व उघडला गेला. पाचव्या दिवशी संघप्रिया पुण्याहून आली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, आता बास. माझ्याकडं चला." तो हो म्हणाला. पिशवीही भरली. मग ग्रामपंचायतीनं बदली माणूस शोधेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि तो माणूस काही मिळाला नाही. संघप्रिया एकटीच गेली. जाताना ती बापाशी बोलली नाही.

ग्रामसभेत मोहळं जाळायचा विषय निघाला. व्यंकट पहिल्यांदाच सभेत उठून बोलला. म्हणाला, पंधरा दिवसांत त्या आपोआप जातील, तोवर टाकीकडं कुणी जाऊ नका, आणि खर्चच करायचा असेल तर गाळाचा जाम झालेला वॉल्व बदला. रणधीरनं त्याची बाजू घेतली. वॉल्व मंजूर झाला, अजून बसलेला नाही. माशा मात्र मे महिन्यात एका सकाळी खरंच उठून गेल्या. रिकामी पोळी पिवळट पांढरी, कागदासारखी टांगलेली राहिली. त्यातलं एक वाऱ्यानं पडलं, ते व्यंकटनं मला आणून दिलं. हातात घेतलं तर वजनच नाही. एकेक खोली सहा कोनांची, एकीची भिंत तीच शेजारणीची, कुठंही फट नाही. मी ते वर्गात पोरांना दाखवलं.

ऑगस्टात टाकी पुन्हा धुवायची वेळ आली. मोहळं नव्हती, आकाश स्वच्छ होतं, मोटारीचा ऑटो बंद असल्याचं त्यानं दोनदा जाऊन पाहिलं. जाईबाई बादली ओढायला वर गेली होती. मीही बासष्ट पायऱ्या चढून गेलो. व्यंकटनं झाकण उघडलं, एक पाय आतल्या शिडीवर ठेवला आणि तसाच राहिला.  पाय काढून त्यानं पुन्हा ठेवला. मग तो झाकणाजवळ खाली बसला.

"जमंना," तो म्हणाला.

 जाईबाईनं पदर खोचला, झाडू कंबरेला अडकवला आणि ती आत उतरली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत बाई उतरली म्हणून गावात दोन दिवस कुजबुज झाली, मग लोक पाणी भरायला लागले.

त्या सकाळी तीन तास व्यंकट झाकणाला पाठ लावून बसला होता, ते वाऱ्यानंही मिटू नये म्हणून. बादली भरली की ती खालून दोराला हिसका द्यायची आणि तो वर ओढायचा. मधे जरा शांत झालं की तो आत वाकून विचारायचा, "जाई, हायेस ना?"

"हाय," आतून आवाज यायचा. "वडा दोर."